शिमगा ते मृग: कोल्हापुरातल्या घरच्या बागेची उन्हाळी बेगमी

थंडी ओसरली, कारखान्यांचा गळीत हंगाम संपत आला, शिमग्याची चाहूल लागली, की कोल्हापुरातल्या बागेची खरी कामं सुरू होतात. आर. के. नगर, पाचगाव, उजळाईवाडी, फुलेवाडी या बाजूंना ज्यांनी नुकतंच घर बांधलंय आणि ज्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच दारापुढची पाचशे-हजार चौरस फूट मोकळी जागा आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. थंड मुलखासाठी लिहिलेल्या बागकामाच्या पुस्तकांत वसंत म्हणजे लावणीचा आणि खतांचा काळ असतो. आपल्याकडे वसंत अगदी थोडे दिवस असतो. फेब्रुवारीत सकाळी गारवा, मार्च संपता संपता पारा पस्तीस-छत्तीसवर, एप्रिलमध्ये सदतीस-अडतीस, आणि एखाद्या वर्षी चाळिशीही गाठतो. मार्चमध्ये खत टाकून जी कोवळी फूट तुम्ही बळेच काढाल, तिलाच एप्रिलचं ऊन सोसायचं असतं. म्हणून आपला क्रम वेगळा. मेहनतीची बहुतेक कामं फेब्रुवारीच्या मध्यापासून पाडव्यापर्यंत उरकायची. पाडव्यानंतर फक्त राखण करायची आणि वळवाची वाट बघायची. नवी लावणी बहुतेक सगळी मृगावर ढकलायची. नर्सरीत मार्चमध्ये फुललेली रोपं बघून हात शिवशिवतात हे मला माहीत आहे, तरी थांबा.

आधी माती बघा

नवीन घरमालक पहिल्याच रविवारी खताची पोती आणतात. त्याआधी कुदळ घ्या आणि बागेत दोन-तीन ठिकाणी फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा खणा. नव्या वसाहतींत हे फारच गरजेचं आहे, कारण बांधकामानंतर अंगणात भराव टाकून वर चार-सहा इंच माती पसरलेली असते. खाली मुरूम, विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, कधी प्लॅस्टिकच्या गोण्या. असा भराव निघाला तर झाडाच्या जागेपुरता तरी तो काढावाच लागतो. त्यावर कितीही खत घातलं तरी मूळ खाली जात नाही.

पंचगंगेच्या खोऱ्यातली काळी माती आणि पन्हाळा-शाहूवाडीकडची तांबडी माती यांचा स्वभाव अगदी निराळा. शहरात दोन्ही भेटतात, कारण भरावाची माती कुठूनही आलेली असते. काळी माती पाणी धरून ठेवते, पण सुकली की तिला भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक मुळं तुटतात. तांबड्या, मुरमाड मातीतून पाणी झरझर खाली जातं. आज भरपूर पाणी दिलं तरी परवा झाड माना टाकतं. दोन्हींवर औषध एकच, कुजलेलं सेंद्रिय खत. कारणं मात्र वेगळी. काळ्या मातीत ते हवा खेळती ठेवतं, तांबड्या मातीत पाणी धरून ठेवतं.

त्याच खड्ड्यात निचरा तपासा. खड्डा पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टी लावून बघा. तासाला इंचभर तरी पाणी उतरलं तर ठीक. सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळीही तसंच दिसलं, तर जुलैत त्या जागी तळं साचणार. तिथे पपई, सोनचाफा, लिंबू असली झाडं नकोत. लावायचीच असतील तर उंच वाफा करून लावा.

काळी माती खणायची ती वाफशावर. शेतकरी हा शब्द रोज वापरतात, शहरातल्यांनीही शिकून घ्यावा. पाणी दिल्यावर दोन-चार दिवसांनी मूठभर माती दाबून बघा. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे. गोळा चिकट राहिला तर थांबा. अशा चिकट मातीत कुदळ मारली की ढेकळं होतात, ती उन्हात दगडासारखी वाळतात आणि पुढचा पाऊस येईपर्यंत फुटत नाहीत.

जमलं तर मातीचा नमुना एकदा तपासून घ्या. बागेत आठ-दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून वीतभर खोल 'व्ही' आकाराचा खड्डा घ्यायचा आणि त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. सगळी एकत्र करून सावलीत वाळवायची. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत करायचं. नुकतंच खत टाकलेल्या जागेची माती घेऊ नका. कृषी खात्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत हा नमुना देता येतो. अहवालात सामू (पीएच, म्हणजे मातीचा आम्ल-विम्लपणा) आणि क्षारांचे आकडे आधी बघा. बोअरचं पाणी जड असेल आणि वर्षानुवर्षं तेच दिलं जात असेल, तर मातीवर पांढरट पापुद्रा येतो. शिरोळ-हातकणंगल्याकडे अतिपाण्यानं जमिनी कशा क्षारपड झाल्या, हे आपल्या जिल्ह्यात सगळ्यांनी बघितलेलं आहे. अंगणातही तेच होतं, फक्त लहान प्रमाणावर.

झाडलोट, आणि पाचटाची गोष्ट

फेब्रुवारी-मार्चमध्ये बदाम, चाफा, शेवगा यांची पानं खाली येतात. अंगण झाडून हा पाला होळीत टाकायची किंवा कोपऱ्यात पेटवून द्यायची सवय आपल्याकडे घरोघर आहे. कळकळीनं सांगतो, हे करू नका. चार महिन्यांनी जे खत तुम्ही पोत्यानं विकत आणणार, तेच तुम्ही जाळताय. एका कोपऱ्यात तीन बाय तीन फुटांचा विटांचा हौद करा, विटांमध्ये फटी ठेवा. पाला टाका, मधे मधे शेणाचं पाणी शिंपडा, ओलसर ठेवा, पंधरा दिवसांनी खालीवर करा. पावसाळ्यापर्यंत बरंचसं कुजून येतं. भाजीची देठं आणि सालं चालतात. मटण-मासळीचं काही टाकू नका, कुत्री आणि घुशी येतात.

झाडांच्या बुडाशी आच्छादन करायला आपल्याकडे उसाच्या पाचटासारखी, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्यासारखी, वस्तू नाही. तोडणी संपत आलेली असते, शहराबाहेर चार-पाच किलोमीटरवर ओळखीचा शेतकरी असला तर तो पोतं-दोन पोती आनंदानं देतो. पाचट विळ्यानं वीत-वीतभर तोडून घ्या आणि झाडाच्या आळ्यात दोन-तीन इंच जाडीनं पसरा. काळ्या मातीला भेगा पडायचं थांबतं, पाण्याची पाळी दोन दिवसांनी तरी लांबते. दोन पथ्यं पाळा. एक, खोडापासून चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी पाचटातून थेट खोडावर चढते. दुसरं, उरलेल्या पाचटाचा ढीग घराच्या भिंतीला लावून ठेवू नका. ढिगात उंदीर येतात आणि उंदरांमागं साप. नाग आणि घोणस दोन्ही आपल्या भागात आहेत. जुना पाला किंवा कुंड्यांची रास हलवताना आधी काठी आपटा, हात नंतर घाला, पायात बूट असू द्या.

हिरवळ

लॉनबद्दल बोलण्याआधी हिशेब सांगतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हिरवळीला उन्हाळ्याच्या तोंडावर आठवड्याला इंचभर, म्हणजे २५ मिलिमीटर पाणी लागतं. हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. आठवड्याला साधारण २,३०० लिटर झाले, म्हणजे हजार लिटरच्या टाक्या दोन भरून वर आणखी थोडं. एप्रिल-मेमध्ये हा आकडा दीडपट होतो. शेजारी पिण्याच्या पाण्याचा टँकर येत असताना आपण इतकं पाणी गवतावर ओतावं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. माझं मत स्पष्ट आहे. दोनशे-अडीचशे चौरस फुटांची हिरवळ पुरे, बसायला आणि पोरांना लोळायला तेवढी पुष्कळ होते. बाकी जागेत झाडं, वाफे आणि फरशीची पायवाट.

आधी तुमच्या अंगणात कोणतं गवत आहे ते ओळखा. कोल्हापुरात बहुतेक ठिकाणी हरळीचाच कुठला तरी प्रकार असतो. साधी हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वाच, किंवा नर्सरीवाले 'सिलेक्शन नंबर वन' म्हणून देतात ती बारीक पानाची जात. दुसरं म्हणजे मेक्सिकन. ते दाट, मऊ, सावकाश वाढणारं असतं आणि कापलं नाही तर त्याचे उंचवटे होतात. हरळीला दिवसातून सहा तास तरी थेट ऊन हवं. आंब्याच्या दाट सावलीत ती विरळच राहणार. तिथे हट्ट सोडा आणि स्पायडर प्लांट, सिंगोनियम, फर्न लावा.

हरळीची कामं या क्रमानं करा.

फेब्रुवारीच्या शेवटी, नवी हिरवी टोकं दिसू लागली की पहिली कापणी नेहमीपेक्षा खाली, इंचभर उंचीवर घ्या. थंडीत तांबूस पडलेली पानं निघून जातात आणि बुडाशी ऊन पोचतं. मेक्सिकनला असं खरवडून कापू नका, ते लवकर सावरत नाही.

मग लोखंडी दाताळ्यानं आडवं-उभं ओढा. मातीच्या वर वाळलेल्या काड्यांचा आणि जुन्या मुळ्यांचा थर साचलेला असतो. तो अर्ध्या इंचाहून जाड असला तर पाणी खाली जातच नाही, वरच्यावर वाहून जातं. बोटं घालून बघा, स्पंजासारखं लागलं तर थर जाड आहे. पहिल्यांदा ओढल्यावर जे पोतंभर वाळकं गवत निघतं ते बघून माणूस घाबरतो. घाबरू नका, हरळी जमिनीखालच्या धावत्या खोडांतून पुन्हा फुटते.

पायवाटेची, पोरांच्या खेळण्याची, गाडी वळवण्याची जागा घट्ट झालेली असते. तिथे काट्याच्या फावड्यानं किंवा पहारीनं तीन-चार इंच खोल, वीत-वीतभर अंतरावर भोकं पाडा. आदल्या दिवशी पाणी दिलेलं असू द्या.

त्यावर माती पसरायची. चाळलेली माती एक भाग, वाळू एक भाग, चाळलेलं कुजकं शेणखत एक भाग, आणि जाडी पाव इंच. शंभर चौरस फुटांना साधारण चार घमेली लागतात. खराट्यानं फिरवून पातींच्या मधे उतरवा. गवताची टोकं वर दिसली पाहिजेत, गवत पुरलं जाता कामा नये. खड्डे असतील तर याच वेळी थोडे थोडे भरा, एकदम दोन इंच माती ओतू नका.

खत सगळ्यात शेवटी, आणि तेही हिरवळ जोमात आल्यावर. शंभर चौरस फुटांना ५० ग्रॅम युरिया झारीतल्या पाण्यात विरघळवून सारखा शिंपडा आणि लगेच वरून साधं पाणी मारा. कोरडा युरिया मुठीनं फेकला की जिथं ढीग पडला तिथं गोल करपा उमटतो. मार्चमध्ये एकदा पुरे. एप्रिल-मेमध्ये युरिया नकोच. पुढचा हप्ता जूनमध्ये पाऊस लागल्यावर.

पुढची कापणी एक-तृतीयांशाच्या हिशेबानं. दीड इंच ठेवायचं असेल तर सव्वादोन इंच झाल्यावर कापा. एका वेळी एक-तृतीयांशाहून जास्त पान काढलं की मूळ आखडतं. मशीनचं पातं धार लावून घ्या. कापल्यावर दुसऱ्या दिवशी टोकं पांढरट, फाटलेली दिसली तर पातं बोथट आहे असं समजा. एप्रिलपासून उंची अर्ध्या इंचानं वाढवा. उंच गवत आपल्याच मुळावर सावली धरतं.

तणांत सगळ्यात चिवट लव्हाळा. वरची पात उपटली की खालच्या गाठीतून दोन येतात. थोडा असेल तर वाफशावर खुरप्यानं खोल जाऊन गाठीसकट काढा. एखादा पट्टा पूर्ण लव्हाळ्यानं भरला असेल तर तो खणून गाठी एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या पाडा, पुन्हा फुटला की पुन्हा खणा. ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक पाच-सहा आठवडे कडा दाबून अंथरलं तर इतर तणांचं बरंच बी मरतं. लव्हाळा पुरता जात नाही, पण कमजोर होतो. गाजरगवत फुलायच्या आत, हातमोजे घालून उपटा. अनेकांना त्याच्या स्पर्शानं खाज येते.

नवीन लॉन घालायचं असेल तर मार्च-एप्रिलमध्ये घालू नका. हे दोन महिने जमीन तयार करायला वापरा आणि गवत जूनच्या पहिल्या पावसावर लावा. जे पाणी तुम्ही टँकरनं ओतणार होता, ते आभाळातून मिळेल.

पाणी

नवख्या माळ्याची परीक्षा इथं होते. रोज संध्याकाळी पाइप घेऊन दहा मिनिटं सगळीकडे शिंपडायचं, ही आपली आवडती पद्धत. त्यानं वरची अर्धा इंच माती ओली होते, मुळं त्या ओलीसाठी वर येतात आणि एप्रिलच्या उन्हात भाजतात. त्यापेक्षा पाळी लांबवा आणि पाणी खोल द्या. हिरवळीला आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, पण प्रत्येक वेळी चार-पाच इंच खोल ओल गेली पाहिजे. तासाभरानं लांब स्क्रू-ड्रायव्हर मातीत दाबून बघा. जिथवर सहज शिरतो तिथवर ओल आहे. फवारा लावत असाल तर श्रीखंडाचे तीन-चार रिकामे डबे लॉनवर ठेवा. त्यात किती वेळात किती पाणी साचतं ते पट्टीनं मोजलं की एकदाच हिशेब कळतो. फवारा एका बाजूला जास्त मारतो हेही त्यातच दिसतं.

गवताला तहान लागली की ते सांगतं. चालून गेल्यावर पावलाचे ठसे तसेच राहतात आणि हिरवा रंग निळसर, मंद होतो. त्या दिवशी पाणी द्या, आधी नको. पाण्याची टंचाईच असेल तर हरळीला मे महिन्यात तांबूस होऊ द्या. पंधरा दिवसांतून एकदा ओल मिळाली तरी तिची मुळं जिवंत राहतात आणि वळवानंतर आठवडाभरात ती हिरवी होते. मेक्सिकनच्या बाबतीत एवढी खात्री नाही.

वेळ सकाळी नऊच्या आतली. रात्री पानं ओली राहिली की बुरशी येते. गच्चीवरच्या कुंड्यांना एप्रिलपासून सकाळ-संध्याकाळ दोनदा लागतं, कारण सिमेंट रात्रीपर्यंत तापलेलं असतं. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा, खाली विटांचे तुकडे घाला, वर पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधा. जाळी फक्त दुपारच्या, पश्चिमेच्या उन्हाला आडवी आली तरी काम होतं.

मोठ्या झाडांचं आळं खोडालगत करू नका. झाडाची सावली दुपारी बारा वाजता जिथं संपते, तिथं गोल चर काढा. पाणी पिणारी मुळं त्या परिघात असतात. दोन-तीन वर्षांच्या झाडाला आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस लिटर, मोठ्या नारळाला उन्हाळ्यात दिवसाला चाळीस लिटरच्या आसपास. आंब्याला कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्यावर नियमित पाणी सुरू करा. मोहर असताना एकदम भरपूर पाणी दिलं की गळ होते. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी, आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी बादलीत धरा. आरओचं पाणी मात्र कुंड्यांना रोज नको, त्यात क्षार जास्त असतात. जमिनीतल्या मोठ्या झाडांना अधूनमधून चालेल.

छाटणी: कुणाला लावायची, कुणाला नाही

मोगऱ्याची छाटणी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. हे काम नीट सांगतो, कारण एवढ्या एका कामाचं फळ चैत्रात घरभर दरवळतं. आठ-दहा दिवस पाणी तोडा. मग धारदार सिकेटरनं (छाटणीच्या कात्रीनं) सगळ्या फांद्या साधारण निम्म्यावर आणा. काप पानांच्या जोडीच्या थोडा वर आणि तिरका घ्या, म्हणजे पाणी थांबत नाही. बुडाशी करड्या, ठिसूळ काड्या दिसतील. नखानं साल खरवडा. आत हिरवं असेल तर ठेवा, तपकिरी असेल तर मुळाशी काढा. उरलेली जुनी पानं हातानं ओरबाडून टाका. आळं उकरून कुंडीला दोन मुठी, जमिनीतल्या झाडाला अर्धं घमेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला, पाणी सुरू करा. नव्या फुटीच्या टोकालाच कळ्या येतात. पहिला बहर ओसरला की फुलं गेलेली टोकं दोन पेरं खुडा, दुसरा बहर येतो.

जास्वंदीला हलकी छाटणी मार्चच्या सुरुवातीपर्यंत. कढीपत्त्याचे शेंडे खुडा, तो आडवा वाढतो. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर काढा. शेवगा शेंगा संपल्यावर, वळवाच्या वाऱ्याआधी तीन-चार फुटांवर छाटा, नाहीतर पहिल्याच वादळात तो मोडतो.

गुलाबाला मार्चमध्ये हात लावू नका. त्याची मोठी छाटणी आपल्याकडे ऑक्टोबरात. आता फक्त सुकलेली फुलं काढा. मोहर किंवा फळ असलेल्या आंब्याची फांदीही आता नको. बोगनवेल रंगात असते, तिला तसंच राहू द्या आणि पाणीही कमीच द्या. जास्त पाण्यानं तिला नुसती पानं येतात.

कोणतीही फांदी कापण्यापूर्वी घरटं बघा. याच दिवसांत शिंजीर फांदीच्या टोकाला लोंबती पिशवी विणतो आणि बुलबुल कुंपणाच्या झाडीत वाटी करतो. पिल्लं उडेपर्यंत ती फांदी ठेवा, दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न असतो. महापालिकेच्या हद्दीत मोठं झाड तोडायचं असेल तर महापालिकेची परवानगी लागते. नागरी भागातल्या झाडांसाठी राज्याचा १९७५ चा कायदा आहे आणि तो तुमच्या आवारातल्या झाडालाही लागू आहे. जाड फांदी कापल्यावर जखमेला मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावा.

खत

आपल्या जिल्ह्यात घरोघर म्हशी आहेत, शेणखताला तोटा नाही. पण ते पुरतं कुजलेलं घ्या. काळसर, भुसभुशीत, वास नसलेलं. हात घातल्यावर गरम लागलं तर अजून तयार नाही. कच्च्या शेणातून तणांचं बी, वाळवी आणि अळ्या येतात. कारखान्यावरचं प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरलेला गाळ, स्वस्त मिळतं, पण ताजं कधीच घालू नका. कुजताना ते इतकं तापतं की मुळं जळतात. चार-पाच महिने मुरलेलं असेल तरच घ्या.

जीवामृत घरी करता येतं आणि त्यासाठी लागणारा गूळ आपल्या गावात शोधायला नको. वीस लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम काळा गूळ, दोनशे ग्रॅम बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळा, तीन-चार दिवसांनी दहापट पाणी घालून आळ्यात ओता. आठवडाभरात संपवा.

काळ्या मातीत जास्वंद, मोगरा, सोनचाफा यांची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक पाणी कमी पडलं म्हणून आणखी पाणी ओततात. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण आहे. चुनखडीमुळे मातीतलं लोह झाडाला मिळत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरला अर्धा ते एक ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा.

आता काय लावता येईल

फेब्रुवारी संपेपर्यंत भेंडी, गवार, दोडका, कारली, काकडी यांचं बी टोकता येतं. पालेभाजीत तांदुळजा आणि अंबाडी उन्हाला दबत नाहीत. मेथी मात्र लगेच तुऱ्यावर जाते. कोथिंबीर जाळीखाली करा, धने फोडून पेरा. फुलांत झिनिया, गॅलार्डिया, कॉसमॉस, ऑफिस टाइम. पाडव्यानंतर नवीन काही नको.

कीड

जास्वंदीवर कापसासारखे पांढरे ठिपके म्हणजे मिलीबग. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन काढा, मग लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी. मुंग्यांची रांग दिसली तर तिचा बंदोबस्त आधी करा. मुंग्याच मिलीबगला एका फांदीवरून दुसरीवर नेतात. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर नीट बघा, ती फुलपाखराची अळी असते. दोन-चार असतील तर हातानं उचलून बाजूला टाका. मोठ्या झाडाला त्यानं काही होत नाही.

वळीव आला की

एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन-चारनंतर पश्चिमेला ढग चढतात, वारा सुटतो आणि तासाभरात गारांसकट पाऊस ओतून जातो. त्याआधी पपई, केळ, नवी रोपं यांना काठीचा आधार द्या. बांधताना सुतळी आठच्या आकड्यात घ्या, म्हणजे खोड काठीवर घासत नाही. जाळीच्या गाठी पक्क्या आहेत का बघा. पहिल्या वळवानंतर बाग हिरवी दिसते, लोकांना वाटतं पाऊस लागला आणि ते लावणी सुरू करतात. त्यानंतर तीन आठवडे कोरडे जाऊ शकतात. वळवाचा उपयोग तण काढायला करून घ्या. वाफशावर लव्हाळा आणि गाजरगवत सहज निघतं.

याच पावसानंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर येतात. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हुमणी नवी नाही. तिची अळी पावसाळ्यात गवताची मुळं कुरतडते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात लॉनचे ठिगळ हातानं उचललं तर गालिच्यासारखं सुटून येतं. तेव्हा इलाज अवघड होतो. आत्ता सोपा आहे. दिवस मावळल्यावर भुंगेरे कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर गोळा होतात. फांद्या हलवून खाली पाडा आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाका. अंगणातल्या दिव्याखाली अशी बादली ठेवली तरी पुष्कळ सापडतात. गल्लीतल्या चार घरांनी मिळून सात-आठ संध्याकाळी केलं तर जास्त उपयोग होतो, कारण भुंगेरे कुंपण ओळखत नाहीत. मागच्या वर्षी त्रास झाला असेल तर मेटारायझियम ही जैविक बुरशी शेणखतात मिसळून पहिल्या पावसावर लॉनमध्ये पसरा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, रोहिणी लागल्या की पाण्याच्या वाटा मोकळ्या करा. गटाराच्या जाळ्या, पन्हाळी, कुंड्यांच्या तळाची भोकं. पूररेषेजवळ राहणाऱ्यांनी खताची पोती आणि औषधांच्या बाटल्या वर चढवून ठेवाव्यात. २०१९ आणि २०२१ ला पाणी किती वेगानं चढलं ते आठवा. हिरवी जाळी सोडून घडी घाला, सावलीतल्या कुंड्या हळूहळू उघड्यावर आणा. हौदातलं कुजलेलं खत चाळून कोरड्या पोत्यात भरा. नवीन झाडांचे खड्डे, दोन बाय दोन बाय दोन फुटांचे, आत्ताच खणून उन्हात तापू द्या. ७ जूनच्या आसपास मृग निघतो. पाऊस चार बोटं मुरला की खड्डा माती आणि खतानं भरून रोप लावा, काठी द्या आणि पाइप गुंडाळून ठेवा.